क्षयरोग्याची खाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कार्यकारिणीने माझ्याकडे व्याख्यानाचा विषय मागितला तेव्हा मी ‘क्षयरोग्याची खाट’ असे कळविले. चिटणीसांनी क्षणभर फोन तसाच कानाशी धरला असावा, कारण पलीकडून काहीच ऐकू येईना. मग ते एवढेच म्हणाले, “साहेब, सुवर्णमहोत्सव आहे हो!” त्यांची अडचण मला समजली. महोत्सवात नाट्यसंगीतावर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे, फार तर मराठी माणसाच्या परप्रांतातील कर्तृत्वावर बोलावे, ही रीत मलाही मान्य आहे. तरीही मी हट्ट सोडला नाही. त्याचे कारण ओघात येईलच.

मी डॉक्टर नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि पुढे सारा जन्म केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून फाइली वाचण्यात गेला. अहवाल वाचण्याची सवय मात्र या नोकरीने लावली, आणि आज मी ज्याविषयी बोलणार आहे तोही एक अहवालच आहे. माझी नेमणूक काही वर्षे चेन्नईस होती. तिथल्या उपनगरी गाडीने प्रवास करताना एक स्थानक लागते, त्याचे नावच ‘ताम्बरम् सॅनटोरियम’ असे आहे. शहराच्या मध्यभागी चेटपेट भागात क्षयरोगाच्या संशोधनाची एक जुनी संस्था आहे. या दोन ठिकाणांमध्ये अंतर थोडे आहे, परंतु पहिल्याने जे वर्षानुवर्षे जोपासले होते ते दुसरीने तीन-चार वर्षांत अनावश्यक ठरविले, हे मला तेथे गेल्यावर कळले. कळले तेव्हा माझ्या आत्याची आठवण झाली आणि थोडा रागही आला. रागाचे काय झाले, तेही सांगतो.

क्षयरोग आपल्या घराण्यांना अपरिचित नाही. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले ते याच रोगाने, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले होते. म्हणजे आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा रोगाचे कारण वैद्यकाला ठाऊक झालेले होते. औषध सापडायला मात्र आणखी साठ वर्षे जायची होती.

ही साठ वर्षे सॅनटोरियमची. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, आणि घरापासून दूर डोंगरावर अथवा माळावर लोखंडी खाटांची रांग. उत्तरेत भोवाली, आंध्रात मदनपल्ली, आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडी, ही नावे जुन्या पिढीच्या कानांवरून गेलेली असतील. कमला नेहरूंना भोवालीस ठेवले होते. पुढे त्यांना युरोपात नेले आणि २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्या वारल्या. विश्रांतीने भागले नाही तर शस्त्रक्रिया. छातीत सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरायची, म्हणजे ते दबून राहते आणि त्याला विसावा मिळतो, अशी कल्पना होती. ही हवा मुरून जाई, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागे. रोगी आपसात तिला ‘ए.पी.’ म्हणत. त्यानेही जमले नाही तर बरगड्याच काढून छातीची ती बाजू कायमची बसवून टाकीत.

आणि एवढे करूनही हे सारे किती जणांच्या वाट्याला येत होते? भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यात देशातील क्षयरोग्यांची संख्या सुमारे पंचवीस लक्ष आणि वर्षाकाठी मृत्यू सुमारे पाच लक्ष धरले आहेत. खाटा होत्या सुमारे सहा हजार. एका खाटेमागे चारशेहून अधिक रोगी! माझ्या खात्यात एखाद्या योजनेची अशी आकडेमोड समोर आली असती तर मी तिच्यावर ‘अव्यवहार्य’ असा शेरा मारून ती परत पाठविली असती.

अशा मोजक्या खाटांपैकी एक माझ्या आत्याला मिळाली. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. १९५५ साली तिला रक्त पडले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचे लग्न ठरलेले होते. ते अर्थातच मोडले. आजोबांनी ओळखीपाळखी काढून एका सॅनटोरियममध्ये जागा मिळविली, तिचे नाव मी घेत नाही. तेथे ती बावीस महिने राहिली. भेटीला महिन्यातून एकदा जाता येई, पण गाडीभाडे परवडत नसे, म्हणून आजोबा तीन महिन्यांनी जात. तिची पत्रे घरी आली की आजी ती दोन दिवस उन्हात ठेवी आणि मगच उघडू देई. एकदा पावसाळ्यात ऊन पडेना, तेव्हा पत्र आठवडाभर न वाचता कोनाड्यात पडून राहिले; त्यात तिने लोकरीचा स्वेटर मागितला होता. तेथील अधिकाऱ्याने एकदा इंजेक्शनांचा साठा संपल्याचे सांगून ती बाहेरून आणावयास लावली आणि नंतर साठा संपलाच नव्हता असे निघाले. आजोबांनी तक्रार केली नाही, कारण मुलगी त्यांच्या ताब्यात होती.

ती बरी होऊन परतली. तिच्या पितळी लोट्यावर कानशीने एक रेघ ओढलेली होती, दुसऱ्या कोणी चुकून त्याने पाणी पिऊ नये म्हणून. मी पाहिला तेव्हा त्या रेघेला वीस वर्षे झाली होती. आत्या शाळेत शिक्षिका होती, उत्तम प्रकृतीची होती, आणि आम्हा मुलांना तिने स्वतःच्या पेल्यातून कधी घोटभर चहाही दिला नाही.

आता जरा विलायतेकडे वळू. कारण या गोष्टीचा धागा तिथून येतो.

१९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनला ते डॉलर मोजून आणावे लागे, आणि डॉलर तर नव्हते. थोडेसेच औषध आले. ते कोणाला द्यावे? या प्रश्नाला तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने दिलेले उत्तर मला शासकीय बुद्धिमत्तेचा एक उत्कृष्ट नमुना वाटते. एवीतेवी सर्वांना पुरणार नाही, तर निदान औषधाचा गुण निःसंशय सिद्ध होईल अशा रीतीने ते वाटू. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने बंद पाकिटांची योजना आखली. रोगी आला की पाकीट फोडायचे; आत जे लिहिले असेल ते मिळेल. डॉक्टरांची मर्जी नाही, वशिला नाही. हिल यांना तारुण्यात स्वतःलाच क्षय झाला होता आणि त्यामुळे त्यांचे डॉक्टर व्हायचे राहिले होते. १९४७ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि ३० ऑक्टोबर १९४८ रोजी निष्कर्ष छापून आले. औषध आणि विश्रांती मिळालेले ५५, केवळ विश्रांती मिळालेले ५२. सहा महिन्यांत पहिल्यांतले ४ दगावले, दुसऱ्यांतले १४. पण आनंद टिकला नाही. जंतू औषधाला सरावले, आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील मृत्यूंच्या संख्येत फारसे अंतर उरले नव्हते. एकटे औषध पुरत नाही, जोडीला दुसरे हवे, हा धडा त्यातून मिळाला. स्वीडनमधून पी.ए.एस. आले, १९५२ साली आयसोनायझिड आले.

याच सुमारास, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आपल्या बिहारात मोतीहारीला जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल तेव्हा स्कॉटलंडमधील हेअरमायर्स रुग्णालयात क्षयानेच पडून होता. मित्राच्या खटपटीने आणि आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या संमतीने त्याच्यासाठी अमेरिकेहून स्ट्रेप्टोमायसिन मागविले गेले. पण ते त्याला सोसले नाही. अंगावर चट्टे उठले, तोंड सोलवटले, नखे गळू लागली. औषध थांबवावे लागले आणि उरलेले दुसऱ्या रोग्यांना दिले गेले. २१ जानेवारी १९५० रोजी तो वारला. सेवा मोफत झाली, सर्वांसाठी झाली, तरी क्षयरोग्याला खाटेसाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागे, आणि नवल असे की परिचारिका मिळत नसल्यामुळे काही खाटा रिकाम्याच होत्या! १९५१ पासून काही वर्षे तर ब्रिटिश सरकारने आपले रोगी स्वखर्चाने स्वित्झर्लंडच्या सॅनटोरियमांत पाठविले. लहान मुलांचेही हाल तेच. वर्षावर्षाची ताटातूट आणि महिन्यातून एखादी भेट. ही हकीकत वाचताना मला आजोबांचे गाडीभाडे आठवले. श्रीमंत देशाच्या आणि आमच्या दुःखात एवढा तरी समभाव होता.

एडिंबरोला १९५२ मध्ये जॉन क्रॉफ्टन गेले आणि त्यांनी तिन्ही औषधे एकत्र, पुरेशा काळपर्यंत आणि काटेकोरपणे देण्याचा परिपाठ घातला. क्षयरोग जवळजवळ प्रत्येकाचा बरा करता येतो, असे ते म्हणू लागले तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांना ते खरे वाटेना. १९५४ ते १९५७ या तीन वर्षांत त्या शहरातील नव्या रुग्णांची संख्या निम्म्यावर आली आणि खाटांसाठीची रांग संपली.

परंतु एडिंबरोच्या रोग्याला खाट होती. आपल्याकडे ती फारच थोड्यांना होती. तेव्हा आपला प्रश्न असा होता, की खाट नसेल तर हीच औषधे घरी दिली तर चालेल का? आणि घर म्हणजे कसले? मद्रासच्या दाट वस्तीतील एक खोली, त्यात आठ-दहा माणसे, अपुरे अन्न, आणि रोग्याला कामावर जाणे भाग. शहाण्या माणसांनी ‘नाही’ म्हणावे अशीच ही परिस्थिती होती.

१९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे वैद्यकीय संशोधन मंडळ यांनी मिळून मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र काढले. ब्रिटनहून डॉ. वॉलेस फॉक्स आले. त्यांच्याबरोबर आपले वेलू, देवदत्त, रामकृष्णन, संख्याशास्त्राचे राधाकृष्ण अशी मंडळी उभी राहिली. शहरातील गरीब वस्त्यांमधले १९३ रोगी त्यांनी निवडले आणि पुन्हा तीच चिठ्ठीची पद्धत वापरली. कोणी सॅनटोरियममध्ये जायचे, कोणी घरी राहायचे, हे नशिबावर. दोघांनाही औषधे तीच, पी.ए.एस. आणि आयसोनायझिड, वर्षभर.

घरच्या रोग्यांना औषध देऊन मोकळे झाले नाहीत, ही गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगतो. पी.ए.एस. हे अत्यंत त्रासदायक औषध. दिवसाला दहा-दहा ग्रॅम घ्यायचे, पोट बिघडायचे, मळमळायचे. चार दिवस बरे वाटले की रोगी ते टाकून देणारच. म्हणून केंद्राच्या आरोग्यसेविका न कळविता घरी जात, उरलेल्या पुड्या मोजीत, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषध उतरले आहे की नाही ते पाहात. रोगी आला नाही तर त्याच्या शोधात निघत. एका रोग्याच्या मागे एवढी पायपीट कोणी केलेली मी तरी दुसऱ्या कोणत्या सरकारी कामात पाहिली नाही.

वर्षअखेरीस हिशेब झाला. सॅनटोरियममधील शंभरांपैकी ९२ आणि घरच्या शंभरांपैकी ८६ रोग्यांचा क्षय शमलेला होता. सॅनटोरियमवाल्यांचे जेवण कितीतरी चांगले, विश्रांती भरपूर, वजनही त्यांचेच जास्त वाढलेले. घरचे बिचारे अर्धपोटी, कामावर जाणारे. तरीही निकालात अंतर एवढेच. पाच वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा रोग उलटण्याच्या बाबतीतही दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. आणि ज्या भीतीपायी माणसे घराबाहेर काढली जात होती तिचे काय? घरी उपचार झालेल्यांच्या कुटुंबीयांत सॅनटोरियमला गेलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त लोक आजारी पडले नाहीत. संसर्ग व्हायचा तो मुख्यतः निदान होण्यापूर्वीच, औषधावाचून खोकत काढलेल्या महिन्यांत होऊन गेलेला असतो. औषध सुरू झाले की धोका झपाट्याने ओसरतो.

१९५९ साली हे प्रसिद्ध झाले. आत्या १९५७ मध्ये परत आली होती. मला राग आला तो हे वर्ष पाहून. परंतु अहवाल दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले, की त्या वेळी कोणाला हे ठाऊकच नव्हते. ठाऊक व्हावे म्हणून तर चेटपेटमध्ये पुड्या मोजल्या जात होत्या. १९५७ बद्दल मी कोणाला बोल लावू शकत नाही. लोट्यावरची रेघ १९५९ नंतरही तशीच राहिली, त्याबद्दल मात्र आम्हा सर्वांनाच बोल लावला पाहिजे.

सरकारने या निष्कर्षाचे काय केले, हे सांगणे माझ्यासारख्या नोकरदाराला थोडे अवघड आहे. बंगलोरला १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, घरी उपचार हाच त्याचा पाया. धोरण योग्य होते. पण मद्रासच्या प्रयोगाचे दोन भाग होते, एक खाट वाचविणारा आणि दुसरा पायपीट मागणारा. ‘खर्चात बचत’ हा शेरा फाइलीवर सर्वांत लवकर मंजूर होतो, हा माझा अनुभव. खाट वाचली, घरोघर जाणारी सेविका मात्र पुरेशी कोठेच नेमली गेली नाही. लक्षावधी रोग्यांनी अर्ध्यावर औषध सोडले. बंगलोरच्याच संस्थेतील बॅनर्जी आणि अँडरसन यांनी १९६३ साली दाखवून दिले, की क्षयाने खोकणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आलेली होती आणि खोकल्याची बाटली घेऊन परतली होती. अडाणी जनता दवाखान्यात येत नाही, ही आपली आवडती तक्रार किती पोकळ आहे, हे त्यावरून दिसते. रोग्याने समोर बसून औषध घेण्याची पद्धत देशात व्यापक प्रमाणावर आली ती १९९७ पासून. तिचे मूळ मद्रासच्याच पुढच्या प्रयोगांत होते, आणि ती जगभर फिरून आपल्याकडे विलायती नावाने परत आली, ही एक गंमतच.

अन्नाविषयी दोन शब्द, कारण येथे गैरसमज होऊ शकतो. मद्रासने एवढेच सिद्ध केले, की औषध नीट घेतले तर अपुऱ्या अन्नावरही रोगी बरा होतो. म्हणजे अन्नाला महत्त्व नाही असे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील मोठ्या अभ्यासात रोग्यांच्या कुटुंबीयांना पौष्टिक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. आजीचे दूध-अंड्यांचे अप्रूप अगदीच चुकीचे नव्हते; फक्त ते आजाऱ्याच्या ताटाबरोबर इतरांच्या ताटातही हवे होते.

ताम्बरम्‌चे सॅनटोरियम आज छातीच्या विकारांचे सरकारी रुग्णालय आहे. क्षयाची भीती ओसरल्यावर काही वर्षांनी तेथे एड्सचे रोगी येऊ लागले आणि इतरत्र दार बंद झालेल्या हजारो माणसांना तेथे खाट मिळाली. चेटपेटच्या संस्थेचे नाव २०११ पासून राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था असे आहे.

आता विषय निवडण्याचे कारण. आपल्या मंडळातील एक कुटुंब मागच्या वर्षी गणपतीला आले नाही, कोजागिरीला आले नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नाही. बदली झाली असावी असे आपण धरून चाललो. पुढे कळले की घरातल्या मुलीला क्षय झाला होता. औषध पहिल्याच महिन्यात लागू पडले होते, तिला बाहेर मिसळण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितलेही होते. तरी आईवडिलांनी स्वतःहून यायचे थांबविले, कारण आपण काय म्हणू याची त्यांना खात्री नव्हती. खरे सांगायचे तर मलाही नव्हती. घरापासून इतक्या दूर आलेल्या आपल्या माणसांना गाव आणि गोत म्हणून हे मंडळच आहे, आणि येथेही त्यांनी मनातल्या मनात आपला लोटा वेगळा काढून ठेवला.

मुलीचे सहा महिन्यांचे औषध फाल्गुनात पूर्ण झाले. मी त्यांच्या घरी गेलो, आत्याची हकीकत सांगितली आणि आज बोलण्याची परवानगी मागितली. नाव न घेण्याच्या अटीवर त्यांनी ती दिली. मुलीने मात्र निघताना विचारले, “काका, आत्याआजींनी तो स्वेटर मागितला होता, तो त्यांना पोचला का?”

पोचला. आजीने विणला होता. थंडी संपता संपता पोचला, पण दुसऱ्या हिवाळ्यात उपयोगी पडला.